गडाकडे पाठ करून गेले तेव्हा

बारा वर्षं मी गडावर गेले नव्हते. सप्तशृंगी आमची कुलस्वामिनी. माझं माहेर नाशिकच्या शिवेवर, फुलांच्या मळ्यातलं. झेंडू, शेवंती, गुलाब आमच्याकडे बारा महिने. दर चैत्रात वडील टेम्पोत फुलांचे हारे भरून गडावर न्यायचे आणि आम्ही पोरं त्या हाऱ्यांच्या मधे बसून जायचो. आईचं ते भलंमोठं शेंदरी रूप, ते टपोरे डोळे पाहिले की मला भीती वाटायची नाही, उलट कुणीतरी आपली वाट पाहत होतं असं वाटायचं. आणि मग एक दिवस मी तिचं नाव घेणंच सोडून दिलं. ते का सोडलं, हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

लग्नानंतर मी सातपूरला आले. नवरा लेथ मशीनवर कामाला होता, शांत माणूस. पहिलं बाळंतपण माहेरी मळ्यातल्या घरातच झालं. कुठली तपासणी झाली नव्हती, तशी काही असते हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. मुलगी झाली. चार महिन्यांची असताना तिला जुलाब लागले, ते थांबेचनात. मग ताप, मग खोकला. सात महिन्यांची असताना ती गेली. ती दवाखान्यात असतानाच आम्हा दोघांचं रक्त तपासलं आणि एचआयव्ही हा शब्द पहिल्यांदा आमच्या घरात शिरला. तोवर नवऱ्याचा आजार फार पुढे गेला होता. दोन वर्षांनी तोही गेला. मी तेवढी उरले. रोज गोळ्या घेते आणि आज धडधाकट आहे.

नवऱ्याचा राग मी केला नाही असं नाही, पण तो विझला. देवीवरचा राग मात्र विझेना. मला एका समुपदेशक ताईंनी समजावून सांगितलं होतं, की गरोदरपणात तपासणी झाली असती, मला गोळ्या सुरू झाल्या असत्या आणि बाळाला जन्मल्याबरोबर औषध मिळालं असतं, तर बाळ बहुतेक वाचलं असतं. एवढंसंच अंतर होतं. मला वाटायचं, तुला अठरा हात आहेत म्हणतात. त्यातला एक हात एवढं अंतर पार करायला पुढे झाला नाही? कुणीतरी एक बाई आमच्या मळ्यात पाठवली असतीस, जी म्हणाली असती, पोरी, चल, रक्त तपासून घे. तेवढंच तर हवं होतं.

त्याच ताईंनी मला पुढे एका संस्थेच्या कामात ओढलं. आता मी स्वतःच ती बाई आहे. ट्रक थांबतात तिथे जाते, कारखान्यांच्या पाळ्या सुटतात तिथे उभी राहते, ज्या गल्ल्यांचं नाव लोक हळू आवाजात घेतात तिथल्या बायकांच्या ओट्यावर बसून चहा पिते. निरोध वाटते, तपासणीला घेऊन जाते, कुणाच्या गोळ्या सुटल्या तर घरी जाऊन विचारते. द्राक्षांच्या हंगामात सुरगाणा, पेठकडचे मजूर दिंडोरीच्या बागांवर उतरतात, तेव्हा त्यांच्या वस्तीवर आमची शिबिरं असतात. काम मी जीव लावून करते. पण खरं सांगते, ते भक्तीतून नव्हतं. एखादी बाई कडेवर सात महिन्यांचं मूल घेऊन समोर आली की माझ्या हातांत काहीतरी रिकामं रिकामं व्हायचं. ती हुरहूर मला घरी बसू देत नव्हती, इतकंच.

अशाच एका शिबिरात हिरा भेटली. वीस-एकवीस वर्षांची, सहावा महिना, कमी बोलणारी. तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, दोघांचाही अहवाल पॉझिटिव्ह आला. तिच्या डोळ्यांतून एक थेंब आला नाही. फक्त म्हणाली, "ताई, पोराला व्हईल का?" मी म्हणाले, "गोळ्या चुकवल्या नाहीस आणि बाळंतपण दवाखान्यात केलंस, तर नाही व्हायचं. मी आहे." हे "मी आहे" मी सगळ्यांनाच म्हणते. पण त्या दिवशी ते बोलताना माझा आवाज मला निराळा वाटला.

चैत्र लागला, द्राक्षांची काढणी संपली. एका सकाळी बागेवर गेले तर मजुरांच्या खोपी रिकाम्या. टोळी गावी निघून गेली होती. हिराला आठवा संपत आला होता आणि माझ्या हिशेबाने तिच्या गोळ्या जेमतेम आठवडाभर पुरणार होत्या. फोन बंद. वहीत पत्ता एवढाच, जांभुळपाडा, तालुका सुरगाणा. त्या भागातला आमचा कार्यकर्ता आजारपणामुळे रजेवर होता. मी पंधरा दिवस फोन करत राहिले. शेवटी आमच्या संस्थेच्या मॅडमना म्हणाले, "मी जाऊन येते." त्या म्हणाल्या, "एकटी? आणि तिथे जाऊन सांगणार काय? तिच्या घरी माहीत आहे का?" ते मलाही ठाऊक नव्हतं. आमच्या कामाचा पहिला नियम हा, की कुणाचा आजार तिसऱ्या माणसाला कळू द्यायचा नाही. मी म्हणाले, "तिथे गेल्यावर बघू."

भल्या सकाळी नाशिकहून निघाले ती वणीत येऊन अडकले. चैत्रोत्सव सुरू होता हे माझ्या ध्यानातच नव्हतं. की ध्यानात ठेवायचंच नव्हतं, कुणास ठाऊक. रस्त्यांवर भगवे झेंडे, डोक्यावर बोचकी घेतलेल्या बाया, हलगी, गुलाल. सगळ्या जीपगाड्या गडाच्या बाजूला लागलेल्या. सुरगाण्याकडे जायला एकही नाही. मी दोन तास स्टँडवर उभी होते. पायी निघालेल्या एका बाईने माझा हात धरला. "ताई, गडावर ना? चला की आमच्यासंगं, एकटीनं कशाला जाता?" तिच्या कपाळावर मळवट भरलेला होता. मी म्हणाले, "नाही हो, मला सुरगाण्याला जायचंय." ती हसली आणि म्हणाली, "मग आईला इथूनच हात जोडा. दिसतोय बघा गड." मी वर पाहिलं. उन्हाच्या धुरकट पडद्यामागे डोंगर उभा होता. माझे हात जोडले गेले नाहीत. पण वाटलं, माहेरच्या दारावरून जातेय आणि आत पाऊल टाकता येत नाही. शेवटी एसटी आली आणि मी गडाकडे पाठ करून बसले. खिडकीतून वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी दोनदा बघितलंच.

कंडक्टरने फाट्यावर उतरवून दिलं. तिथून तासभर चालून जांभुळपाडा गाठला तर तिथे हिरा नावाची कुणी सूनच नव्हती. एक म्हातारे म्हणाले, "जांभुळपाडे तीन हायेत या अंगाला. तुम्हाला कंचा पायजे?" दुसरा कुठे, तिसरा कुठे, त्यांनी हाताने दाखवलं. हात डोंगराच्या पलीकडे गेला. मी परत फिरले आणि वाट चुकले. माथ्यावर ऊन, बाटलीतलं पाणी संपलेलं, फोनला रेंज नाही. एका मोहाच्या झाडाखाली बसले आणि पिशवीत खाण्याचं काही आहे का म्हणून सगळं सामान पुढ्यात ओतलं. हिरासाठी आणलेली गोळ्यांची पांढरी डबी, कागद, रिकामा डबा. खायला काही नव्हतं.

तिथे मला रडू फुटलं. हिरासाठी म्हणावं तर तसं नाही, कारण रडताना माझ्या डोळ्यांपुढे माझीच मुलगी होती, शेवटच्या दिवसांतली, मोठ्या डोळ्यांची. मी तिच्याशी बोलल्यासारखी बोलत होते, की बघ, याही वेळी मी पोचले नाही. आणि मग माझ्या तोंडून बारा वर्षांनी तो शब्द गेला. "आई." मी काही मागितलं नाही, नवस बोलले नाही. एवढंच म्हणाले, "आई, मला आता पुढे येत नाही. तुझं लेकरू आहे, तुझं तू बघ." हे म्हणताना त्यात रागही होता. पण म्हटल्यावर अंगातलं सगळं ओझं कुणी खाली उतरवून ठेवावं तसं झालं. मी झाडाला टेकून नुसती बसून राहिले.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. पाचोळा वाजला म्हणून पाहिलं तर समोर एक म्हातारी उभी. गुडघ्यापर्यंत लुगडं, डोक्यावर मोहाच्या फुलांची टोपली, उन्हाने रापलेला काटक देह. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्यासमोर पसरलेल्या सामानाकडे बघत होती. बराच वेळ बघितलं, मग म्हणाली, "आठं का बसलीस, बाय? कोणाकडं आलीस?"

मी डोळे पुसले. "हिरा नावाची सून आहे, द्राक्षाच्या कामावरून आलीय. पोटुशी आहे. मी दवाखान्यातून आलेय, तिची तपासणी राहिलीय."

मला वाटलं, आता शंभर प्रश्न येतील. कसली तपासणी, इतक्या लांब का आलीस, तिला झालंय काय. तिने एकही विचारला नाही. कंबरेला बांधलेल्या वाळक्या भोपळ्यातलं पाणी माझ्या ओंजळीत ओतलं आणि म्हणाली, "कालपासून दुखतंय तिला. मी तिकडंच निघालीय. चल बिगी बिगी."

ती सुईण होती. सगळे तिला भागीआजी म्हणत. तिच्यामागून ओढा उतरून, दुसऱ्या बाजूची चढण चढून आम्ही तासाभरात त्या पाड्यावर पोचलो. माझा दम निघाला होता, ती मात्र टोपलीसकट झपाझप पुढे चालत होती.

हिरा घराच्या कोपऱ्यात गोधडीवर पडली होती. मला बघून तिच्या तोंडावर आधी आनंद आला आणि लगोलग भीती. तिची नजर सासूकडे गेली, मग माझ्याकडे, आणि तिने अगदी किंचित नकारार्थी मान हलवली. मला कळलं, घरात कुणाला माहीत नाही. नवरा कामाला गुजरातेत गेलेला. घरी सासू आणि दोन दीर. मी सासूला म्हणाले, "मावशी, हिची प्रसूती दवाखान्यातच व्हायला हवी. दिवस भरायच्या आधीच कळा लागल्यात." सासू वाईट नव्हती, पण ठाम होती. "आमची समदी पोरं याच घरात झाली. भागीआजीच्या हातानं झाली. दवाखान्यात न्यायला झालंय काय तिला?"

झालंय काय, याचंच उत्तर माझ्यापाशी होतं आणि तेच मला देता येत नव्हतं. मी रक्त कमी आहे म्हणाले, वजन कमी आहे म्हणाले. सासू नुसती मान हलवत राहिली. हिराने ओठ दातांखाली दाबून धरला होता.

भागीआजीने तोवर हात धुतले होते. ती हिराजवळ बसली, पोटावर हात ठेवला, डोळे मिटले. मग ती उठली आणि सासूला म्हणाली, "पोर आडवं हाय. हे माझ्या हातचं नाय. दोघंबी जातील. दवाखान्यात ने."

सासूचा चेहरा पांढराफटक पडला. "आजी, तू असं म्हणतीस?"

"मीच म्हणतीय. झोळी बांधा. एकजण टेकाडावर जाऊन गाडीला फोन लावा. आणि तू बाहेर येऊन पाणी तापव."

सासूला घेऊन ती बाहेर गेली, दार ओढून घेतलं. आत मी आणि हिरा दोघीच उरलो. हिरा कानाशी लागून म्हणाली, "ताई, गोळ्या सरल्या. धा दिस झाले." मी डबी उघडली, तिला गोळी दिली, पाणी पाजलं. तिने माझा हात इतका घट्ट धरला की माझी बांगडी फुटली.

दिरांनी आणि शेजाऱ्याने झोळीतून तिला फाट्यापर्यंत आणलं. भागीआजी पाड्याच्या वेशीपर्यंत आली. मी म्हणाले, "आजी, चला ना आमच्याबरोबर." ती म्हणाली, "नाय. मोहं वाळत घालायचीत माझी," आणि वळून चालायलाही लागली. फाट्यावर रेंज मिळाल्याबरोबर मी मॅडमना फोन केला, त्यांनी तालुक्याच्या दवाखान्यात कळवलं. आम्ही पोचलो तेव्हा औषधाची सगळी तयारी झालेली होती. दिवेलागणीला हिरा बाळंत झाली. मुलगी. लहानखुरी, पण खणखणीत रडली. सिस्टरने तिच्या ओठांत औषधाचे थेंब सोडले तेव्हा मी दारात उभी होते. एवढंसंच अंतर. माझ्या डोळ्यांदेखत ते पार झालं.

डॉक्टरांना मी विचारलं, "बाळ आडवं होतं ना?" ते म्हणाले, "आडवं? कोण म्हणालं? डोकं अगदी व्यवस्थित खाली होतं. सरळ प्रसूती झाली."

मी बाकावर बसले. आयुष्यभर बाळंतपणं केलेली सुईण अशी चुकेल? की बाळ वाटेत फिरलं? की मी हाक मारल्यावर जी आली ती भागीआजी नव्हतीच, दुसरंच कुणी होतं? त्या संध्याकाळी मला तिसरं खरं वाटत होतं आणि मी ते कुणाला बोलून दाखवलं नाही.

दीड महिन्याने बाळाची पहिली तपासणी झाली. तिच्यात काही आढळलं नाही. हिराला सोडायला मी पाड्यावर गेले आणि तिथून भागीआजीचं घर विचारत गेले. ती अंगणात नागली पाखडत होती. अगदी आपल्यासारखीच बाई, हाताला भेगा, खोकला झालेला. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि विचारलं, "आजी, पोर आडवं नव्हतं. तुम्ही तसं का म्हणालात?"

तिने सूप बाजूला ठेवलं. आत गेली आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. पांढरी डबी होती, रिकामी, मी हिरासाठी नेली होती तशीच.

"माझी पोर होती," ती म्हणाली. "नासिककडं कामाला जायाची. बारीक होऊन आली. येताना ही डबी आणलीन. म्हणाली, ह्या गोळ्या सोडायच्या नायत. पण गोळ्या सरल्या. कुठं मिळतात, मला ठावं नाय. तिला चालवना. मी रोज त्या मोहाखाली जाऊन बसायची, वाटंकडं बघत. म्हणायची, ज्यांनी पयल्या दिल्या ते आणखी घेऊन येतील. कोण नाय आलं. पोर गेली. मग बसायची सवयच लागली मला." तिने डबी हातात फिरवली. "त्या दिशी तुझ्या पुढ्यात डबी दिसली, तू हिराचं नाव घेतलंस, समदं कळलं मला. म्हटलं, आली. उशिरा आली, पण आली."

मी समजत होते की आईने तिला माझ्याकडे पाठवलं. इथे ही म्हातारी कितीतरी वर्षं देवाकडे मलाच मागत बसली होती. तिच्यासाठी जी यायला हवी होती ती आली नव्हती, माझ्यासाठीही आली नव्हती. आणि आम्ही दोघी उरलेल्या, तिसऱ्याच एका पोरीच्या वाटेवर एकमेकींना भेटलो होतो.

मग ती म्हणाली, "तुझंबी कोण गेलंय का?"

मी मान हलवली. "मुलगी. सात महिन्यांची."

"नाव काय तिचं?"

बारा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. तिच्या आजाराबद्दल विचारलं, माझ्याबद्दल विचारलं, नवऱ्याबद्दल तर पुष्कळांनी विचारलं. नाव कुणी विचारलं नाही. माझ्या माहेरीसुद्धा ते कुणी उच्चारत नाही. मी म्हणाले, "जुई." भागीआजीने ते नाव दोनदा म्हणून बघितलं, जुई, जुई, जशी एखादी आजी लांबच्या नातवंडाची ओळख करून घेते. मग तिने आपल्या मुलीचं नाव मला सांगितलं आणि तेही मी दोनदा म्हटलं.

पुढे अठराव्या महिन्यात हिराच्या मुलीची शेवटची तपासणीही निगेटिव्ह आली. ती आता अंगणभर पळते, मला बघून लपते. हिरा आणि तिचा नवरा गोळ्या चुकवत नाहीत. त्या भागातल्या मजुरांच्या पत्त्यांत आम्ही आता पाड्याबरोबर वाटेची खूणही लिहून घेतो.

माझी हुरहूर गेली नाही. ती जावी असं मागणंही मी सोडून दिलं आहे. आई त्या वेळी आमच्या मळ्यात का आली नाही, याचं उत्तर मला मिळालेलं नाही आणि मिळेल असं वाटत नाही. पण जिथे माझं काही चालेना तिथे मी "तुझं तू बघ" म्हणाले, आणि तिने बघितलं, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. बाकीचं तिच्या हाती सोडते. सकाळी गोळी घेताना मी आता तिला एवढंच म्हणते, की कुठेतरी कुणीतरी वाटेकडे डोळे लावून बसलं असेल. मला उशीर होऊ देऊ नकोस. आणि मग चप्पल घालून निघते.